शिसं शेवटी: एलिव्हेटरचा तोल पुन्हा पुन्हा का बिघडतो

"अगं, तिसऱ्यांदा शिसं लावलंय. आता शिंगात जागाच उरली नाही."

टेक्सासातल्या मित्राचा हा फोन. मूळचा नागपूरचा, आणि गेली आठ वर्षं घरच्या गॅरेजमध्ये आरव्ही-७ हे दोन आसनांचं, किट आणून घरी जोडायचं विमान बांधतोय. एलिव्हेटर म्हणजे शेपटीच्या मागे बिजागरीवर हलणारं, विमानाचं नाक वर-खाली करणारं पातं. तो नुसता पत्र्याचा होता तेव्हा पुढे जड होता, म्हणून त्याने शिसं कापून तोल साधला. रंग होऊन आला तर मागे जड. शिसं वाढवलं. महिन्याभराने विमानावर चढवून पाहिलं तर पुन्हा मागे जड. अजून शिसं. आणि आता तो एलिव्हेटर कधी सरळ राहतो, कधी झुकतो. सकाळी एक उत्तर, संध्याकाळी दुसरं.

मीही मिशिगनमध्ये आरव्ही-७ च बांधलं, आणि याच चक्रात एक अख्खा हिवाळा घालवला. म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. थोडक्यात असं, की शिसं बाजूला ठेव. माप लागोपाठ तीनदा सारखं येत नाही तोवर एक ग्रॅमही लावू किंवा कापू नकोस. बिघाड बहुतेक वेळा शिशात नसतो. तो मापण्यात असतो, किंवा बिजागरीच्या मागे कुणीतरी नकळत चढवलेल्या वजनात असतो.

हा तोल कशासाठी?

किराणा दुकानात तराजूचं एक पारडं हलकं असलं की दांडीला पासंग बांधायचे. एलिव्हेटरच्या बाहेरच्या टोकाला बिजागरीच्या पुढे आलेला भाग असतो, त्याला आपण शिंग म्हणतो. त्यातलं शिसं म्हणजे हाच पासंग. फरक एवढाच की इथे पासंग चुकला तर शेपूट तुटू शकतं.

ते कसं, हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. हवेच्या एका झटक्याने स्थिर शेपटीचं टोक वर उचललं गेलं असं समजा. एलिव्हेटर मागे जड असेल तर त्याचा मागचा भाग जडत्वामुळे मागे रेंगाळतो, म्हणजे मागची कड तुलनेने खाली जाते. मागची कड खाली गेली की शेपटीवर वरच्या दिशेने जोर वाढतो, म्हणजे जी शेपटी आधीच वर चालली होती तिला आणखी ढकलणं झालं. शेपटी स्प्रिंगसारखी परत फिरते तेव्हा हेच उलट दिशेने घडतं. झोक्याला प्रत्येक हेलकाव्याला नेमक्या क्षणी ढकलावं तसं वारा शेपटीला ढकलत राहतो. वेग कमी असेल तर हवाच ही थरथर शमवते. एका ठरावीक वेगाच्या पुढे ती वाढतच जाते, आणि काही सेकंदांत सगळं संपतं. हाच फ्लटर. एलिव्हेटरचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या रेषेवर किंवा किंचित पुढे असला की मागची कड रेंगाळत नाही आणि ही साखळी सुरूच होत नाही.

हे ज्ञान फुकट मिळालेलं नाही. १९१६ साली हँडली पेज ओ/४०० या ब्रिटिश बॉम्बरच्या शेपटीला भयानक थरथर सुटली. तपास लँचेस्टर आणि बेअरस्टो या ब्रिटिश संशोधकांनी केला. त्या विमानाचे डावा आणि उजवा एलिव्हेटर एकमेकांशी पक्के जोडलेले नव्हते. मध्ये एक घट्ट नळी घालून ते जोडले तेव्हा थरथर थांबली. वजनाने तोल साधण्याची गोष्ट पुढे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग यांनी एलरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या, विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पात्याच्या, फ्लटरचा अभ्यास करताना दाखवून दिली. घरी बांधल्या जाणाऱ्या विमानांसाठी हा विषय इतिहासजमा झालेला नाही. झोडियॅक सीएच ६०१ एक्सएल हवेत मोडण्याचे अपघात होत गेले, तेव्हा एप्रिल २००९ मध्ये अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने ती विमानं जमिनीवरच ठेवा अशी शिफारस केली. नंतर आलेल्या सुधारणा-संचात पंखाच्या मजबुतीबरोबर एलरॉनला तोलाची वजनंही आली. मूळ एलरॉनला ती नव्हती.

माप खोटं का बोलतं

माझ्या मित्राने तिसरं माप विमानावरच घेतलं होतं. एलिव्हेटर जागेवर, त्याला हलवणारा दांडा (पुशरॉड) जोडलेला, कॉकपिटमधली वैमानिकाच्या हातातली स्टिकही जोडलेली. स्टिकचं वजन, पुशरॉडचं वजन, वाटेतल्या प्रत्येक बेअरिंगचं घर्षण, सगळं त्या मापात मिसळलं. शिवाय गॅरेजचं दार अर्धं उघडं. पहिलं माप टेबलावर घेतलेलं, तिसरं विमानावर. दोन वेगळ्या गोष्टी मोजून तो त्यांची तुलना करत होता.

सगळ्यात मोठा चोर घर्षण आहे, आणि तो सर्वात कमी ओळखला जातो. बिजागरीचं रॉड-एंड बेअरिंग नवं असताना बऱ्यापैकी घट्ट असतं. एलिव्हेटर आडवा धरला, हात सोडला, तो जागेवर राहिला, की आपण टाळी वाजवतो. पण तो तोलामुळे थांबला की बेअरिंगने धरून ठेवला?

ते शोधायची माझी पद्धत अशी. एलिव्हेटर आडवा असताना मागच्या कडेवर एकेक ग्रॅमची वजनं ठेवत जा. कधी खाली जायला लागतो ते लिहा. मग ती काढून शिंगाच्या नाकावर वजन ठेवत जा. कधी नाक खाली जायला लागतं ते लिहा. माझ्या एका मापात मागची कड बिजागरीपासून ३५ सेंटिमीटर होती आणि तिथे ४ ग्रॅमला एलिव्हेटर हलला, म्हणजे १४० ग्रॅम-सेंटिमीटर. शिंगाचं नाक १८ सेंटिमीटर पुढे, तिथे तो हलायला ४० ग्रॅम लागले, म्हणजे ७२० ग्रॅम-सेंटिमीटर. तोल खरोखर साधलेला असता तर हे दोन आकडे सारखे आले असते. दोन्हींच्या फरकाचं अर्धं करा: २९०. एवढा तो मागे जड. आणि दोन्हींच्या बेरजेचं अर्धं, ४३०, हे निव्वळ घर्षण. घर्षण बिघाडापेक्षा मोठं असल्यामुळे एलिव्हेटर अगदी शहाण्यासारखा आडवा थांबला होता आणि मी त्याला 'तोल साधला' म्हणून वहीत नोंदवलंही होतं. तिथे प्रत्यक्षात १६ ग्रॅम शिसं कमी होतं.

घर्षण कमी करायचं असेल तर बेअरिंगवर टांगूच नका. बिजागरीच्या भोकांतून गुळगुळीत गोल पोलादी सळई घाला आणि ती सळई दोन धारदार, पक्क्या समतल पोलादी पट्ट्यांवर ठेवा. दोन्ही पट्ट्या एकाच उंचीच्या, दोन्हींवर पाणसळ तपासलेली. पट्टी एका बाजूला उतरती असेल तर सळई घरंगळते आणि तुम्हाला वाटतं एलिव्हेटर मागे जड आहे. दार बंद, पंखा बंद, हीटरही बंद. एवढ्या मोठ्या पत्र्यावर गरम हवेचा झोतसुद्धा काही ग्रॅमचा खेळ करतो.

अजून एक चूक मी अनुभवी बांधणाऱ्यांनाही करताना पाहिली आहे. काही विमानांत बिजागरी पात्याच्या मध्यावर नसून वरच्या किंवा खालच्या पत्र्यालगत असते. अशा पात्याचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या वर किंवा खाली पडतो आणि पातं ज्या कोनात टांगाल त्यानुसार निकाल बदलतो. म्हणून 'टांगल्यावर कुठे जाऊन थांबतं' यावर जाऊ नका. तुमच्या विमानाच्या नकाशात जी स्थिती दिली असेल ती घ्या, बहुतेकदा पात्याची मधली रेषा आडवी, आणि त्याच स्थितीत मोजा.

काय-काय चढवून मोजायचं, हा प्रश्न येतोच. माझं उत्तर: उडताना एलिव्हेटरबरोबर जे-जे हलतं ते सगळं. ट्रिम टॅब (एलिव्हेटरच्या मागच्या कडेवरची छोटी हलती पट्टी, स्टिकवरचा जोर कमी करणारी), तिचा दांडा, टोकाचं फायबरग्लासचं टोपण, स्क्रू, नट, वॉशर. इलेक्ट्रिक ट्रिमची मोटर आरव्ही-७ मध्ये डाव्या एलिव्हेटरच्या आतच बसते, म्हणजे बिजागरीच्या मागे. मोटर, तिची तार आणि प्लग यांच्यामुळे डावा आणि उजवा एलिव्हेटर कधीच सारखे नसतात. मित्राने दुसऱ्या मापाच्या वेळी ट्रिमचा दांडा टेबलावरच काढून ठेवला होता. "तो केवढासा!" असं तो म्हणाला. तो केवढासा असला तरी बसतो मागे, आणि मागच्या कडेजवळचा प्रत्येक ग्रॅम जवळजवळ दुप्पट शिसं मागतो.

डावा-उजवा वेगवेगळा मोजायचा की जोडून, यावर बांधणाऱ्यांमध्ये वाद आहे. तुमच्या किटच्या सूचना काय म्हणतात ते आधी पाहा. त्यांनी मुभा दिली असेल तर मी प्रत्येक बाजू स्वतंत्र तोलते. मधला जोड कितीही पक्का वाटला तरी त्याला पीळ बसतोच, आणि एका बाजूची कमी दुसऱ्या बाजूच्या शिशाने भरून काढणं मला पटत नाही.

रंगाचा हिशेब

आता मूळ मुद्दा. किटबरोबर आलेलं शिसं मला बिनरंगाच्या एलिव्हेटरला जास्तच झालं होतं, नाक धाडकन खाली. मित्रालाही तेच दिसलं आणि त्याने लगेच करवत काढली. तिथेच गाडं चुकलं. ते जास्तीचं वजन रंगासाठी राखीव ठेवायचं असतं.

रंग किती जड असतो हे कागदावर मांडल्याशिवाय विश्वास बसत नाही. प्रायमर, रंग आणि वरचा चकचकीत थर मिळून १०० मायक्रॉन धरा. वाळलेल्या थराची घनता १.५ धरली तर एका चौरस मीटरला १५० ग्रॅम. एक एलिव्हेटर साधारण सव्वा मीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद; दोन्ही बाजू मिळून पावणेनऊ दशांश चौरस मीटर, म्हणजे ०.८७ च्या आसपास. म्हणजे १३० ग्रॅम रंग. रंगाचा मध्य बिजागरीच्या १३ सेंटिमीटर मागे पडतो असं धरलं तर १,६९० ग्रॅम-सेंटिमीटर. शिंगात १८ सेंटिमीटर पुढे त्याला उत्तर द्यायचं तर ९४ ग्रॅम शिसं हवं. नुसत्या रंगासाठी!

आणि हे एकदाच रंगवल्याचं गणित. माझ्या बाबतीत रंगाऱ्याने मागच्या कडेजवळ एक बारीक खळगा पुट्टीने भरला, तो घासून सपाट केला आणि वर रंग मारला. काम देखणं होतं. पण मला सांगितलं नाही. मागच्या कडेजवळ, ३३ सेंटिमीटरवर, २० ग्रॅम पुट्टी म्हणजे ३७ ग्रॅम शिशाचा खड्डा. मी तो महिनाभर शोधत होते. त्यानंतर मी एक शिस्त घालून घेतली आहे. रंगायला देण्याआधी प्रत्येक पातं काट्यावर ठेवून वजन लिहायचं, परत आल्यावर पुन्हा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा डिजिटल काटा पुरतो. फरक अपेक्षेपेक्षा जास्त आला तर रंगाऱ्याला विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत पातं विमानावर चढवायचं नाही.

रंग पूर्ण वाळू द्या. ताज्या रंगातलं द्रावक उडून जायला दिवस लागतात, आणि तोवरचं माप फसवं.

जमिनीवर असतानाच तोल बदलतो तेव्हा

"कधी सरळ, कधी झुकतो" याचं एक कारण घर्षण. दुसरं कारण पाणी. एलिव्हेटरच्या तळाला, मागच्या कडेजवळ, पाणी निथळायला बारीक भोकं असतात. रंग मारताना ती बुजतात. मग पावसाचं पाणी किंवा धुतल्यावरचं पाणी आत साठतं. ३० सेंटिमीटर मागे ५० मिलिलिटर पाणी, म्हणजे अर्धी वाटीही नाही, त्याला ८३ ग्रॅम शिसं लागेल. आमच्याकडे मिशिगनमध्ये हेच पाणी गोठतं आणि वसंतापर्यंत तिथेच राहतं. टोकाला फोमच्या फासळ्या असतील तर त्याही ओल धरतात. पातं कानाजवळ धरून हलवा, उभं करा, तिरकं करा. पाणी बोलतं. भोकं सुईने नव्हे, योग्य मापाच्या ड्रिलच्या बिटाने हाताने फिरवून मोकळी करा.

पत्र्याला ठिगळ लावलं असेल, मागची कड नव्याने चिकटवली असेल, ट्रिमची मोटर बदलली असेल, तर तोल पुन्हा तपासायचा. यात अपवाद नाही. अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचं, एफएएचं, दुरुस्तीचं पुस्तक, एसी ४३.१३-१बी, बिजागरीच्या मागे वजन वाढू नये म्हणून काळजी घ्यायला सांगतं, ते याचसाठी.

रडर (शेपटीचं उभं पातं) आणि एलरॉनबद्दल फार लिहीत नाही. मापायची पद्धत तीच. आरव्हीच्या एलरॉनला पुढच्या कडेत लोखंडी पाइप असतो, तो पूर्ण लांबीभर वजन वाटतो, त्यामुळे तिथे कटकट कमी. पाइपच्या आतून गंज लागू देऊ नका, एवढंच.

शिसं लावायची वेळ आली की

माप तीनदा सारखं आलं, रंग वाळला, पाणी नाही, सगळे सुटे भाग चढलेले. आता शिसं.

जास्त लावलं म्हणजे जास्त सुरक्षित, असं मानू नका. पुढे भरपूर वजन ठेवलं की पात्याचं जडत्व वाढतं, त्याची स्वतःची कंपनसंख्या खाली येते, आणि डिझायनरने हिशेब केलेली परिस्थिती बदलते. नकाशात दिलेल्या मर्यादेत राहा. किंचित पुढे जड चालत असेल तर तेवढंच.

आणि ते शिसं घट्ट बसवा. एफएएच्या भाग २३ च्या, म्हणजे लहान विमानांसाठीच्या, जुन्या नियमात तोलाच्या वजनांसाठी पात्याला लंब दिशेने २४ जी, आणि पुढे-मागे व बिजागरीच्या दिशेने १२ जी सोसण्याची अट होती. घरी बांधलेल्या विमानाला तो नियम लागू नव्हता, पण मी तो पाळते. १०० ग्रॅमचा तुकडा २४ जीला २.४ किलोसारखा ओढतो. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं शिसं एक दिवस सुटतं. आणि सुटलं की तोल जातोच, शिवाय तो तुकडा आत अडकून एलिव्हेटर जाम करू शकतो. स्क्रू, मोठा वॉशर, नवा लॉकनट. एकदा वापरलेला नायलॉनचा लॉकनट पुन्हा वापरायचा नाही.

शेवटच्या वाक्यामागे एक कारण आहे. १६ सप्टेंबर २०११ ला अमेरिकेतल्या रेनोच्या एअर रेसमध्ये 'गॅलपिंग घोस्ट' हे पी-५१ जातीचं विमान प्रेक्षकांत कोसळलं. वैमानिक आणि १० प्रेक्षक गेले. एनटीएसबीच्या तपासात निघालं की डाव्या ट्रिम टॅबच्या स्क्रूंचे पुन्हा वापरलेले, झिजलेले लॉकनट सैल पडले होते. टॅब ढिली झाली आणि तिला फ्लटर सुटला. ट्रिम टॅबला सहसा तोलाचं वजन नसतं. तिला वाचवतो तो तिचा घट्टपणा. म्हणून एलिव्हेटरचा तोल साधताना टॅबचा ढिलेपणाही मोजा. अमेरिकी नागरी विमान खात्याच्या जुन्या ४५ क्रमांकाच्या अहवालातला नियम आजही वापरतात: टॅबच्या मागच्या कडेचा एकूण ढिलेपणा तिच्या रुंदीच्या अडीच टक्क्यांच्या आत. १० सेंटिमीटर रुंद टॅबला अडीच मिलिमीटर. माझी मर्यादा याच्या निम्मी आहे. ढिलेपणा बिजागरीच्या तारेत, दांड्याच्या टोकात किंवा मोटरच्या जोडात सापडतो. त्यावर शिशाचा काहीच उपाय नाही.

उडवताना वेगमर्यादेचा एक पेच लक्षात ठेवा. फ्लटर खऱ्या हवाई वेगाला जवळचा असतो, काट्यावर दिसणाऱ्या वेगाला नाही. आरव्ही-७ ची कमाल मर्यादा ताशी २३० मैल, आणि ती खऱ्या वेगाची धरायची. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे काटा कमी दाखवतो: १० हजार फुटांवर, प्रमाण वातावरणात, काटा १९८ दाखवत असतो तेव्हाच खरा वेग २३० झालेला असतो. स्टिकमध्ये अनोळखी थरथर जाणवली तर पॉवर कमी करा, नाक हळूच वर घ्या, वेग उतरू द्या. उतरल्यावर कारण सापडेपर्यंत पुन्हा वर जाऊ नका.

मित्राने गेल्या शनिवारी एलिव्हेटर काढले. सळई आणि पोलादी पट्ट्यांवर, दार लावून, ट्रिमचा दांडा जोडून आधी डावा मोजायला घेतला. त्याच्या तळाची दोन बुजलेली भोकं उघडल्यावर टेबलावर छोटं थारोळं झालं. पाणी निथळल्यावर तीन मापं घेतली, तिन्ही सारखी. तिसऱ्यांदा लावलेलं शिसं त्याने पूर्ण काढलं, दुसऱ्या वेळचं ठेवलं आणि त्यातून थोडं तासलं. आकडा, तारीख आणि मोजताना काय-काय जोडलेलं होतं हे त्याने विमानाच्या वहीत लिहिलं, आणि एलिव्हेटरच्या आतल्या फासळीवरही मार्करने. पुढच्या वार्षिक तपासणीला तोच आकडा येतो का, हे आता तो पाहणार आहे. उजवा अजून व्हायचाय.